अतांची घळ

माझी बिनतारीची खोली बंद झाली त्या दिवशी साहेबांनी मला एक थर्मास दिला. टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. महिन्याभरात त्या थर्मासात चहा कोमट व्हायला लागला. तक्रार कोणाकडे करणार? तक्रारी ऐकायची खोली तीच होती.

मी असनाली. अभयारण्याच्या गावातल्या कचेरीत बसायचो आणि डोंगरातल्या चौक्या माझ्याशी बोलायच्या. प्रत्येक खोऱ्याच्या तोंडाशी एक चौकी, चौकीत रखवालदार, त्याची बायकापोरं आणि घोडे. माझ्या खिडकीखाली तबेला होता. त्यात दोन-तीन घोडे कायम खोगीर घालून उभे, आणि त्यांच्याशेजारी माणसं पत्ते कुटत बसलेली. वरून कोणी हाक दिली की मी म्हणायचो, "ऐकलं. घोडे निघाले." चहापत्ती संपल्याचा निरोप असला तरी हेच म्हणायचो. तोंडात बसलं होतं.

सगळ्यात वरची चौकी कबिलानची. त्याच्यासारखा रखवालदार मी पुन्हा पाहिला नाही, आणि आता दिसेल असंही वाटत नाही. बंदूक त्याच्याकडे होती, पण ती भिंतीवर. त्याचं सगळं काम चहावर चालायचं. कोणी चोरून रानबोकड मारला की तो धरपकड करत नसे. सरळ त्या माणसाच्या दारात जाऊन घोडा बांधायचा. दारात आलेल्याला नानचा तुकडा तोंडाला लावल्याशिवाय आमच्याकडे परत पाठवत नाहीत, मग तो रखवालदार का असेना. कबिलान तुकडा मोडायचा, चावायचा आणि ऐसपैस बसायचा.

"वास छान सुटलाय. काय शिजतंय?"

"मेंढी आहे, बाइके." बाइके म्हणजे आमच्याकडे दादा.

"तुझ्या मेंढ्या कड्यावर चढायला लागल्या वाटतं."

घरमालकाचा चेहरा पडायचा. मग कबिलान म्हणायचा, "आता तुझी भाकरी खाल्ली मी. तुझ्याविरुद्ध कागद कसा लिहू? आणि नाही लिहिला तर वर तोंड कसं दाखवू? तूच सांग काय करू." तो माणूस त्या हिवाळ्यात पुन्हा बंदुकीला हात लावायचा नाही. शिकार थांबली होती असं मी म्हणत नाही. लोक मारायचे, पण एखादंच जनावर, आणि तेही लाजत.

त्याच्या घरात बुरुल सून म्हणून आली. हसरी, कामाला वाघ, आणि जुन्या वळणाची. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर आभाळ कोसळत नाही, पण जीभ जड होते आणि सासू चुलीकडे तोंड फिरवते. सासऱ्याला सून अता म्हणते, म्हणजे बाप, आणि सुनेला सगळे केलिन म्हणतात. बुरुलची पंचाईत अशी की सासऱ्याचं नाव नुसतं माणसाचं नव्हतं. कबिलान म्हणजे बिबळ्या. शिवाय चौकीच्या वरची घळ ती कबिलान-साय; साय म्हणजे घळच. उन्हाळी कुरणावर त्या घळीतच म्हातारा जन्मला, म्हणून आईबापांनी घळीचं नाव त्याला दिलं. झालं! सुनेच्या तोंडून सासराही गेला, जनावरही गेलं आणि घळही गेली.

मग बिनतारीवर तिचा आवाज यायचा, "असनाली बाइके, अतांच्या घळीत ठिपकेवाला दिसला. पिल्लं बरोबर आहेत."

"कोणाची घळ? नीट नाव सांग, केलिन. सरकारी काम आहे."

"अतांची."

"अता तर घरोघर आहेत. नाव सांग नाव."

"बाइके, तुम्हाला ठाऊक आहे. उगाच छळू नका."

तिच्या मागे म्हातारा खोकल्यासारखा हसताना ऐकू यायचा आणि म्हातारी, कुमुश एने, म्हणजे कुमुश आई, लांबूनच ओरडायची, "असनालीला म्हणावं, तुझ्या बायकोला तुझ्या बापाचं नाव घ्यायला लाव आधी!" मी कान धरायचो. "ऐकलं. घोडे निघाले." कुमुश एनेनेही नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. ती त्याला "ए, ऐकतोस का" म्हणायची आणि तो तेवढ्याला ओ द्यायचा.

सांगायचं एवढंच की अतांची घळ म्हटलं की कोणती, हे मला कळायचं, पत्ते कुटणाऱ्यांना कळायचं आणि घोड्यांनाही कळत असावं. नकाशा आम्हाला लागतच नव्हता.

पुढे जुना देश मोडून नवा झाला, पगार थांबले. रखवालदार बटाटे लावून जगले आणि काहींनी स्वतःच शिकार केली. मी कोणाला नावं ठेवत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. कबिलान गेला. त्याच्या जागी मुलगा लागला, शेरगाझी, म्हणजे बुरुलचा नवरा. मग बाहेरून पैसे आले आणि पैशाबरोबर शहाणपण आलं. जिल्ह्याच्या शहरात एक केंद्र झालं. काच, संगणक, भिंतभर नकाशा. झाडांना आणि खडकांना कॅमेरे बांधले. जनावर समोरून गेलं की फोटो निघतो. आता एवढी माणसं कशाला? वरच्या चौक्या एकेक करून बंद झाल्या, घोडे विकले, तबेल्यात पर्यटकांसाठी संडास बांधले. माझ्या खोलीचं तर सांगितलंच.

शेरगाझीची चौकी तेवढी राहिली. पूर्वी दहा जण जेवढं बघायचे तेवढं सगळं त्या एकट्याच्या गळ्यात मारलं. उन्हाळ्यात तो फाटकावर तिकिटं फाडायचा आणि पांढरी टोपी घालून परदेशी बायकांशेजारी फोटोला उभा राहायचा. हिवाळ्यात कॅमेरे सांभाळायचा. त्याचा बाप डोंगर बघायला डोंगरात जायचा. हा जायचा तो डोंगर बघणाऱ्या डोळ्यांच्या बॅटऱ्या बदलायला.

त्याला ते पटलेलं होतं, हे मात्र मला सांगितलं पाहिजे. केंद्रातल्या कोणी एकाने त्यांना शिकवणीत सांगितलं होतं की आता तुम्ही डोंगरात एकटे नाही, जिथे कॅमेरा तिथे आमचा डोळा. शेरगाझी ते बाजारात मला अभिमानाने सांगायचा.

"डोळा आहे, पण कान आहे का?" मी विचारायचो. "तोंड आहे का?"

"बाइके, तुमची खोली गेली म्हणून तुम्ही जळता."

"जळतो. थर्मासात चहा गार होतो, मग मीच जळतो."

तो खो खो हसायचा. बापाचं हसू नव्हतं घेतलेलं त्याने, त्याचं स्वतःचं होतं. उघडं, पोरासारखं.

आता त्या दिवसाचं. हे सगळं मला बुरुलने नंतर सांगितलं, एकदा नाही, कितीदा तरी.

नोव्हेंबर संपत आला होता. केंद्रातून फोन आला की कबिलान-सायमधल्या कॅमेऱ्याची बॅटरी मागच्या वेळी मध्येच संपलेली निघाली, महिना संपायच्या आत ती बदलून या, अहवाल पाठवायचा आहे. शेरगाझी खोगीर कसायला लागला. कुमुश एने तोपर्यंत अंथरुणाला खिळली होती. खिडकीतून तिला फक्त आभाळ दिसायचं.

"अहो, उद्या जा," बुरुल म्हणाली. "आभाळ बघा कसं झालंय."

"आभाळ मी बघतो, बॅटरी ते बघतात. महिना त्यांचा संपतोय."

"तुझा बाप अशा दिवशी घोड्याला पाणी पाजायलाही बाहेर काढायचा नाही," आतून म्हातारी म्हणाली.

"एने, बापाला विचारणारं कोणी नव्हतं. मला आहे." त्याने नानचा तुकडा तोंडाला लावला, बाकीचा खिशात टाकला आणि गेला. घरात तेवढा एकच घोडा उरला होता.

दुपार कलताना हातातला छोटा बिनतारी खरखरला. त्याचा आवाज चौकीपर्यंतच पोचायचा, पुढे नाही.

"बुरुल, घोडा बर्फावरून घसरला. माझा पाय गेला. मांडीपासून. घोडा पळाला." तो दम खात होता. "कबिलान-सायमध्येच आहे, वरच्या कुरणाशी. बॅटरी बदलली आहे. मी सरपटत कॅमेऱ्यासमोर जाऊन बसतो. केंद्राला सांग, बघा म्हणावं. घाबरू नकोस, त्यांना मी दिसेन."

मग खरखर, मग तीही नाही.

बुरुलने केंद्राचा फोन उचलला. तो उपग्रहावरचा फोन, त्याला एकच बटण, दाबलं की केंद्र. दुसरीकडे कुठे लागायचा नाही, गावातही नाही. पलीकडे एक मुलगी होती. भली मुलगी, आवाज मऊ, बुरुलला एजे म्हणजे ताई म्हणायची. सपाट मुलखातून नुकती आली होती; बॅटरीसाठी फोन करणारं दुसरंच कोणी होतं.

"एजे, शांत व्हा. काय झालं?"

"माझा माणूस पडलाय. पाय मोडलाय. तुमच्या कॅमेऱ्यासमोर बसलाय, तुम्हाला दिसतोय ना?"

"एजे, ते फोटो इथे येत नाहीत. कोणी जाऊन कार्ड काढून आणलं की मग आम्हाला दिसतात."

 शेरगाझीला हे माहीत नव्हतं. तोच तर कार्डं काढून द्यायचा, पण त्याला वाटायचं, कार्ड हिशेबासाठी आणि डोळा वेगळा.

"कॅमेऱ्याचा नंबर सांगता?"

"नंबर मला नाही गं माहीत."

"मग जागेचं नाव सांगा. लगेच गाडी पाठवते."

"अतांच्या घळीत."

"कोणाच्या?"

"अतांच्या. वरच्या कुरणाशी."

बटणं दाबल्याचा आवाज आला. "सापडलं," मुलगी म्हणाली. "चोंग-अता ना, एजे?"

बुरुलची मुलं, आता मोठी होऊन शहरात गेलेली, लहानपणी आजोबाला काय म्हणायची? चोंग-अता. सगळीच मुलं आजोबाला तेच म्हणतात. बुरुलला वाटलं, देवा, कळलं हिला. ती रडतच म्हणाली, "हो हो, चोंग-अतांचीच."

"गाडी निघते. तुम्ही फोनजवळच थांबा, घर सोडू नका."

लोक मला विचारतात, जीव जात असताना नाव घ्यायला काय झालं होतं? विचारणाऱ्याला थोबाडीत द्यावीशी वाटते. तिने नाव टाळलं नाही हो. तिच्या डोक्यात त्या घळीला दुसरं नावच नव्हतं. नवऱ्याने आत्ता आत्ता कानात सांगितलं होतं, तरी तिच्यापर्यंत ते पोचेतो त्याची अतांची घळ झाली होती. इतकी वर्षं ती तेच बोलली आणि इतकी वर्षं घोडे बरोबर जागी गेले.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक रुक्ष घळ आहे. आम्ही तिला कोरडी घळ म्हणतो. नकाशात तिचं नाव चोंग-अता. हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि नकाशाला आम्ही ठाऊक नव्हतो.

संध्याकाळी बुरुलने कणीक मळली. मदतीला माणसं येतील, थंडीतून येतील, त्यांच्या तोंडाला काही नको का लावायला? तिने कढईभर बोर्सोक तळले.

"निघाले का गं?" म्हातारी विचारायची.

"निघाले, एने."

रात्र कशी गेली ते बुरुल सांगत नाही आणि मी विचारत नाही. पहाटे फोन वाजला.

"एजे, आमची माणसं चोंग-अतात पोचली आहेत. घाटात बर्फ होतं म्हणून उशीर झाला. पण तिथे कोणीच नाही. कॅमेराही नाही. नक्की कोणत्या अंगाला बसलेत ते?"

"चौकीच्या वर! आमच्या डोक्यावरच तर आहे घळ!"

"एजे, चोंग-अता तुमच्या चौकीपासून डोंगराच्या पलीकडे आहे."

 मग बुरुलने नाव घेतलं. सासूच्या देखत, मोठ्याने. "कबिलान-साय."

"काय?"

 म्हातारी अंथरुणावर कोपरावर उठली होती. बुरुलला वाटलं, आता ही तोंड फिरवणार. म्हातारी म्हणाली, "पुन्हा सांग. नीट सांग. त्यांना ऐकू जायला हवं."

"कबिलान-साय! कबिलान-साय!" बुरुल ओरडत राहिली. फोन ठेवून ती डोक्याला फडकं बांधून तशीच चालत सुटली.

तेव्हा कुठे केंद्राने गावात फोन केला. गावात रखवालदार कोणी उरलाच नव्हता, म्हणून मला उठवलं. शेजाऱ्यांचे घोडे मागून आम्ही चौघे म्हातारे निघालो. एकेकाळी त्याच तबेल्याजवळ पत्ते कुटणारे. चौकीतून घळीत घोड्यावरून जायला चुलीवर चहा व्हायला लागतो तेवढाच वेळ लागतो. खोटं वाटेल, पण तेवढाच.

बुरुल आमच्या आधी पोचली होती. शेरगाझी खडकाला टेकून बसला होता, कॅमेऱ्याच्या अगदी समोर. तिने आपलं फडकं त्याच्या डोक्याला गुंडाळलं होतं आणि त्याचे हात आपल्या काखेत धरून बसली होती. हात केव्हाच लाकूड झाले होते. मी जवळ गेलो तशी कॅमेऱ्याने टिक केलं. माझा फोटो काढला. मी आयुष्यात कोणाला दिली नाही अशी शिवी त्या डबीला दिली.

माती द्यायला केंद्रातले सगळे आले. ती मुलगीही आली, डोकं झाकून दुखवट्याच्या तंबूबाहेर उभी. तिला चार शब्द सुनवायचे म्हणून मी गेलो. आणि नुसताच परत फिरलो. तिने नकाशात होतं ते वाचलं. तंबूत बायका कोशोक गात होत्या, गेलेल्याचे गुण गाऊन रडत होत्या. कुमुश एनेला उचलून आणून बसवलं होतं. तिची पाळी आली तेव्हा तिने मुलाचं नाव घेतलं नाही. ती म्हणाली, "कबिलान-साय." साध्या आवाजात, पत्ता सांगावा तसं. बायकांचं रडणंच थांबलं. साठ वर्षं जे नाव तिच्या ओठावर आलं नाही ते तिने तिथे पुन्हा पुन्हा घेतलं.

पुढे केंद्राने ओळख पटवायला मला बोलावलं. कार्डावरचे फोटो दाखवले. शेरगाझी सरपटत येतो. बसतो. टोपी नीट करतो, माणूस फोटोला बसताना करतो तशी. मग हात हलवतो. मग बोलायला लागतो. फोटोमागून फोटो, तोंड उघडं, बोलतोय. खिशातला नानचा तुकडा काढून कॅमेऱ्यासमोर धरलाय, असाही एक आहे. खातोय की घे म्हणतोय, कळत नाही. संगणकाने प्रत्येक फोटोखाली लिहिलं होतं: मनुष्य, अनोळखी.

"काय बोलत असतील ते?" साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "तुमचा डोळा आहे, तुम्ही सांगा."

नंतर नवीन हुकूम निघाला. यापुढे जागेचं नाव कोणी घ्यायचं नाही, फक्त नंबर सांगायचा. प्रत्येक घळीला नंबर दिलाय. अतांची घळ आता सतरा. शेवटची चौकीही बंद झाली. सतरा नंबरमध्ये या वर्षी बंदुकीचे आवाज येतात म्हणे. मारणाऱ्यांच्या दारात जाऊन लाजवणारं कोणी राहिलं नाही, आणि मारणारे आता आमच्या गावचेही नसतात.

बुरुल सासूला घेऊन खाली गावात आली. माझ्या शेजारच्या घरात राहतात. ती शाळेची भांडी घासते. म्हातारीचं मन आता ठिकाणावर नसतं. कोणी दारात आलं की ती मान वर करते आणि सांगायला लागते, "कबिलान-साय. चौकीच्या वर. वरच्या कुरणाशी. माझा मुलगा बसलाय." पुन्हा पुन्हा सांगते, माणूस काही बोलेपर्यंत. लोक कावरेबावरे होऊन नानचा तुकडा तोंडाला लावतात आणि पळतात.

परवा मी गेलो होतो. तिने माझी बाही धरली. "कबिलान-साय. ऐकलंस का? कबिलान-साय." तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले. मला राहवलं नाही. खोलीत बसून म्हणायचो तसंच म्हणालो, "ऐकलं, एने. घोडे निघाले."

तिने बाही सोडली. चेहरा सैल झाला, उशीला टेकली, आणि खिडकीकडे बघायला लागली. मला वाटलं, चला, तेवढंच एक बरं काम झालं हातून.

बुरुल चुलीपाशी होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"बाइके, असं नका सांगत जाऊ त्यांना," ती म्हणाली. "त्या मग वाट बघत बसतात."